अकरा हातोड्या आणि एक घण

गेल्या रविवारी पुतणी आली ती हातात हातोडी घेऊनच. तिला खोलीत एक फळी लावायची होती आणि हातोडी उचलली की डोकं दांड्यावर खुळखुळत होतं. "आत्या, तुझ्याकडची एखादी दे ना," म्हणाली आणि माझ्या कामाच्या टेबलामागच्या भिंतीकडे बघत उभीच राहिली. तिथे अकरा हातोड्या टांगलेल्या आहेत. खाली कोपऱ्यात घण उभा आहे.

"खिळे ठोकायला एवढ्या?"

खिळ्यांसाठी त्यातल्या तीनच. बाकीच्या आठ कशासाठी, हे सांगता सांगता दुपार कधी सरली कळलं नाही. मी ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये, म्हणजे यंत्रांच्या देखभालीत, फिटर होते. हा विषय निघाला की मला थांबवणं अवघड आहे, म्हणून उरलेलं इथे लिहिते आहे.

हातोडी निवडताना बहुतेक जण काय ठोकायचं आहे ते बघतात. मी आधी बघते, कशाला धक्का लागता कामा नये. हे मला कोणी शिकवलं नाही, एका शाफ्टने शिकवलं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. गिअरबॉक्समधून शाफ्ट बाहेर काढायचा होता आणि तो हलेना. मी पोलादी बॉल पीन हातोडी घेतली आणि शाफ्टच्या टोकावर सणसणीत चार ठोके घातले. शाफ्ट निघाला, पण त्याचं टोक फुललं होतं आणि पहिले दोन-तीन आटे दबून गेले होते. नट चढेना. अर्धी पाळी मी आटे कानशीने साफ करत बसले. आमच्यातले एक जुने मिस्त्री जवळ आले, काही बोलले नाहीत, आपल्या पेटीतून तांब्याची हातोडी काढून माझ्या हातात दिली. तिचं तोंड खड्ड्यांनी भरलेलं होतं, कडा बाहेर लोंबत होत्या. मला वाटलं, ही टाकून द्यायची झाली. ते म्हणाले, "यातला एकेक खड्डा एकेका शाफ्टला पडला असता."

त्या एका वाक्यात सगळं आलं. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की जी मऊ असते ती मार खाते. पोलादी हातोडी पोलादी शाफ्टवर मारली तर हातोडीचं तोंड जास्त कडक, त्याला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं, म्हणून शाफ्ट फुलतो. तांबं, पितळ, शिसं, नायलॉन, रबर, लाकूड यांची हातोडी स्वतः मार खाते आणि समोरच्याला फक्त ढकलते. तांब्याचं आणखी एक आहे. मार खाऊन खाऊन ते कडक होत जातं. मग ते लाल होईपर्यंत तापवायचं आणि थंड करायचं, अगदी पाण्यात बुडवूनसुद्धा, की पुन्हा मऊ. पोलाद तसंच तापवून पाण्यात बुडवलं तर उलट कडक होतं. दोन धातूंची ही दोन वेगळी वागणूक मला अजूनही सुंदर वाटते. आणि जिथे पेट्रोलची वाफ किंवा गॅस असण्याची भीती असते तिथे तांब्याच्या मिश्रधातूंची हातोडी वापरतात, कारण तिच्यातून पोलादासारखी ठिणगी उडत नाही. तिथे जपायचं असतं ते माणसांना.

ही समज यंत्रांच्या काळातली नाही. केनियात लोमेक्वी इथे दगडी हत्यारं सापडली, ती ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे दगडाने दगड फोडणं आपल्या माणूसपणापेक्षाही जुनं. पण पुढे, फार पुढे, दगडी हत्यारं घडवणाऱ्यांनी दोन तऱ्हेच्या हातोड्या ठेवल्या. ढोबळ कपचे उडवायला कठीण दगडाची आणि पातळ, रुंद, नाजूक कपचे काढायला हरणाच्या शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची. त्यांची दगडी आणि शिंगाची, माझी पोलादाची आणि तांब्याची. भिंतीवर त्या शेजारी शेजारी आहेत.

आता बॉल पीन. फिटरची खरी हातोडी हीच. एका बाजूला सपाट तोंड, दुसऱ्या बाजूला गोळा. माझ्याकडे दोन आहेत, एक साधारण ४५० ग्रॅमची आणि एक अगदी छोटी, ११० ग्रॅमची, सेंटर पंच मारायला, म्हणजे भोकाची जागा टोच्याने खुणवायला. पुतणीने विचारलं, गोळा कशाला? रिवेटसाठी, म्हणजे दोन पत्रे जोडायला आरपार घालून ठोकायच्या मेखेसाठी. रिवेटचं वर आलेलं टोक सपाट तोंडाने ठोकलं तर ते वाकतं किंवा एका बाजूला कलतं. गोळ्याने मधोमध ठोकलं की धातू मधून बाहेर, चारी बाजूंना पसरतो. मग सपाट तोंडाने कडा खाली बसवायच्या, की झालं गोल डोकं. गोळ्याचा आणखी एक उपयोग, जो मला फार आवडायचा, गॅस्केट कापायचा, म्हणजे तेल झिरपू नये म्हणून झाकणाखाली घालायचा थर. गॅस्केटचा कागद झाकणावर ठेवायचा आणि बोल्टच्या भोकाच्या कडेवर गोळ्याने हलके टिचके मारत जायचं. कागद बरोबर भोकाच्या मापाने कापला जातो. झाकण ॲल्युमिनियमचं असेल तर मात्र हे करू नये. कड गोल होते आणि तिथून तेल झिरपायला लागतं. परत तेच, मऊ असतं ते मार खातं.

क्रॉस पीन हातोडीच्या मागे गोळ्याऐवजी पाचरीसारखी धार असते, दांड्याला आडवी. स्ट्रेट पीनमध्ये तीच धार दांड्याच्या दिशेने. लोक म्हणतात, एवढ्याने काय फरक पडतो? ओल्या मातीवर बोटाची कड दाबून बघा. माती बोटाच्या लांबीच्या दिशेने सरकत नाही, बोटाच्या दोन्ही अंगांना सरकते. तापलेलं लोखंडही तसंच वागतं. लोहाराला पट्टी लांब करायची असेल तर धार पट्टीला आडवी पडली पाहिजे, रुंद करायची असेल तर पट्टीच्या लांबीला धरून. दोन तऱ्हेच्या हातोड्या असल्या की लोहाराला एका जागी उभं राहून धातूला हव्या त्या दिशेला नेता येतं. मी लोहार नाही, पण पट्टीला एका बाजूने ठोकून ती कमानीसारखी वळताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कोणीतरी गुपित सांगितल्यासारखं झालं होतं.

क्रॉस पीनचीच एक हलकी बहीण सुतारकामात असते, वॉरिंग्टन नावाची. माझी १७० ग्रॅमची आहे. बारीक खिळा दोन बोटांत धरायचा असतो आणि सपाट तोंड बोटांवर बसायची भीती असते. ती पातळ धार बोटांच्या मधून खिळ्याच्या डोक्यापर्यंत पोचते. दोन टिचक्यांत खिळा उभा राहतो, मग हातोडी उलटवून सपाट तोंडाने आत घालायचा. खिळ्यांची दुसरी हातोडी गादीकामाची, बारीक तोंडाची, एका टोकाला लोहचुंबक. टाचणीएवढा खिळा तिच्या तोंडालाच चिकटतो, दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. चांभाराच्या हातोडीचं तोंड याउलट रुंद आणि किंचित फुगीर, कारण कडेचा ठोका बसला तर चामडं कापलं जाईल. ती माझ्याकडे नाही, पण हवी आहे.

खिळ्यांची तिसरी सगळ्यांच्या ओळखीची, मागे चिरलेली नखं असलेली क्लॉ हॅमर. घरात एकच ठेवायची असेल तर हीच, ४५० ग्रॅमच्या आसपासची. तिच्याने खिळा उपटताना बहुतेक जण नुसतं ओढतात. दांडा ३० सेंटिमीटर आणि टेकूपासून खिळा ३ सेंटिमीटर असेल तर हाताचा जोर दहापट होतो. खिळा वर येत जातो तसा टेकू खिळ्यापासून लांब सरकतो आणि हा फायदा घटत जातो. म्हणून खिळा थोडा वर आला की डोक्याखाली लाकडाचा तुकडा सारायचा. खिळा सरळ निघतो, दांड्यावर ताण येत नाही आणि फळीवर वळही उठत नाही. आणि फळीच्या टोकाजवळ खिळा मारायचा असेल तर आधी खिळ्याचं टोक ठोकून बोथट करा. टोकदार खिळा लाकडाचे रेषे फाकवतो, बोथट खिळा ते चिरडत जातो. फळी तडकत नाही.

पण क्लॉ हॅमर साध्या खिळ्यांसाठी बनवलेली असते. तिने छिन्नी मारू नये, काँक्रीटचे कडक खिळे ठोकू नयेत. हे मी जिथे जाते तिथे सांगते. हातोडीच्या तोंडाला दिलेला कडकपणा म्हणजे थोडा ठिसूळपणाही. कडक वस्तूवर कडेने ठोका बसला तर तोंडाची कपची उडू शकते आणि ती बंदुकीतून सुटल्यासारखी येते. म्हणूनच तोंडाची कड थोडी उतरती केलेली असते. सगळ्यात वाईट म्हणजे अडकलेली हातोडी सोडवायला तिच्यावर दुसरी हातोडी मारणं. आमच्या वर्कशॉपमध्ये एका मुलाने हे केलं. कपची त्याच्या दंडात शिरली. डोळा चार बोटांवरच होता. मी तेव्हापासून चष्म्याशिवाय ठोकत नाही आणि समोर कोणाला ठोकू देत नाही. छिन्नीसाठी बॉल पीन किंवा एक किलोची जाड आखूड हातोडी घ्यावी, तिचं तोंड छिन्नीच्या डोक्यापेक्षा चांगलं मोठं हवं. छिन्नीचं डोकं फुलून कडा वळल्या असतील तर आधी त्या ग्राइंडरवर काढून टाकाव्यात.

सुताराच्या पटाशीला मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी. लाकडी मुठीवर पोलाद मारलं तर मूठ फाटते. चांगल्या मोगरीची दोन्ही तोंडं किंचित तिरकी कापलेली असतात, कारण हात कोपरातून कमानीत फिरतो आणि ठोका पडतो त्या क्षणी तोंड पटाशीवर सपाट बसायला हवं. रबरी हातोडी लाद्या बसवायला. पत्र्याचा पोचा काढायला रुंद, आरशासारख्या घासलेल्या तोंडाची. त्या तोंडावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर छापला जातो, म्हणून ती मी कापडात गुंडाळून ठेवते आणि कोणालाही देत नाही.

डेड ब्लो हातोडी मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाही. डोकं आतून पोकळ आणि त्यात पोलादी छर्रे. साधी हातोडी ठोका मारून उसळते. हिचं कवच आदळून उसळायला लागतं तेवढ्यात मागून छर्रे येऊन आदळतात आणि ती उसळी जिरवतात. हातोडी जागेवर बसते, जणू कोणी हात ठेवला. व्हाइसमध्ये, म्हणजे काम पकडायच्या शिकंज्यात, काम समांतर पट्ट्यांवर बसवताना उसळी आली तर काम पुन्हा उचललं जातं. तिथे हिच्याशिवाय मन भरत नाही.

बेअरिंगबद्दल, म्हणजे दोन रिंगांमध्ये गोळे असलेल्या, शाफ्ट फिरता ठेवणाऱ्या भागाबद्दल, लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. शाफ्टवर बेअरिंग चढवताना ठोका बाहेरच्या रिंगवर घातला की तो जोर गोळ्यांमधून आतल्या रिंगला जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. वरून काही दिसत नाही. पुढे यंत्र गुरगुरायला लागतं आणि लोक बेअरिंगला दोष देतात. शाफ्टवर घट्ट बसणारी आतली रिंग असते, म्हणून जोर तिच्यावरच आला पाहिजे. तिच्या मापाची नळी टेकवायची, नळीवर ठोकायचं, आणि चारी बाजूंनी सारखं. अशा वेळी हातोडीपेक्षा त्या नळीच्या तुकड्याला मी जास्त जपते.

वजनाबद्दल पुतणीचा समज सगळ्यांसारखाच होता: जड हातोडी म्हणजे जोरात ठोका. ४५० ग्रॅमचं डोकं सेकंदाला ८ मीटर वेगाने आलं तर त्यात सुमारे १४ ज्यूल ऊर्जा असते. खिळा त्या ठोक्याला ३ मिलिमीटर आत गेला तर सरासरी जोर होतो ४,८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४९० किलो वजन त्या खिळ्याच्या डोक्यावर ठेवल्यासारखं. डोक्याचं वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. वेग येतो दांड्याच्या लांबीतून. दांडा गळ्याशी धरला की वेग घटला. टोकाशी धरा, खिळा उभा करताना तेवढा वर सरका. आणि जड हातोडी आपोआप वेगाने पडेल असंही नाही. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातात भूगर्भशास्त्राची हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडलं. हातोडी १.३२ किलोची, पीस ०.०३ किलोचं. दोन्ही एकदमच खाली टेकली. ती चित्रफीत मी पुतणीला दाखवली. तिने ती तीनदा बघितली. मी किती वेळा बघितली असेल याचा हिशोब नाही.

घणाची गोष्ट वेगळी, तिथे वजन लागतंच. पण तिथेही उंची हवी. १८३९ साली अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी वाफेच्या घणाचं रेखाटन केलं ते याच अडचणीतून. तेव्हाचे पाणचक्कीवर चालणारे घण फार उंच उचलता येत नसत. ऐरणीवर जितका जाड लोखंडाचा ठोकळा ठेवावा तितकी घणाला पडायला जागा कमी, म्हणजे काम जितकं मोठं तितका ठोका लहान. नॅस्मिथ यांनी घण सरळ वर वाफेच्या दट्ट्याला बांधला. मला त्याच्या ताकदीपेक्षा त्याचा ताबा भावतो. पेल्यात ठेवलेल्या अंड्याचं कवच तेवढं फोडून पेला शाबूत ठेवायचा, असं प्रात्यक्षिक त्याच्यावर दाखवत.

आणि काही वेळा हातोडी ठोकण्यासाठी नसतेच, ऐकण्यासाठी असते. लाद्यांखाली पोकळी असेल तर बद्द आवाज येतो. रेल्वेच्या चाकांवर लांब दांड्याच्या हातोडीने ठोके मारत जाणारी माणसं असायची. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं मुकं वाजतं. १७६१ साली व्हिएन्नात लिओपोल्ड ऑएनब्रुगर या डॉक्टरांनी छातीवर बोटांनी ठोकून आतलं ऐकायची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे डॉक्टरांनी त्यासाठी छोट्या हातोड्या केल्या आणि गुडघ्यावर मारायची त्रिकोणी रबरी हातोडी १८८८ साली जॉन मॅडिसन टेलर यांनी केली. शाळेत शिकलेली कानातली तीन हाडं आठवतात? हातोडी, ऐरण आणि रिकीब. ठोक्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो तोसुद्धा एका हातोडीवरून ऐरणीवर असा.

संध्याकाळी आम्ही तिची खुळखुळणारी हातोडी घेतली. तिने ती रात्रभर पाण्यात ठेवून पाहिली होती, कोणीतरी सांगितलं म्हणून. लाकूड पाण्याने फुगतं आणि घट्ट वाटतं, पण नेढ्यात, म्हणजे डोक्यातल्या दांड्याच्या भोकात, फुगायला जागा नसते, रेषे चिरडले जातात. वाळल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतं आणि डोकं आणखी सैल. जुना दांडा कापून टाकला, नेढ्यातलं लाकूड पंचने बाहेर काढलं. नेढं सरळ भोक नसतं. मधे अरुंद, दोन्ही टोकांना रुंद, डमरूसारखं. दांडा खालून आत जातो आणि वरून पाचर मारली की वरच्या रुंद भागात फाकतो. मग डोकं ना खाली येत, ना वर उडत.

नवा दांडा निवडताना मी तिला टोकाकडून रेषे बघायला लावले. हिकरी असो, ॲश असो की बाभूळ, रेषे दांड्याभर सरळ हवेत, मधेच बाहेर पडणारे नकोत, नाहीतर तिथूनच मोडतो. टोकाला करवतीने चीर दिली, डोक्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश खोल. मग तिला म्हटलं, हातोडी उलटी धर, डोकं खाली लोंबकळू दे, आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोक.

"डोकं खाली पडेल की!"

"ठोक तर."

ती ठोकत गेली आणि डोकं दांड्यावर वर वर चढत गेलं. दांडा ठोक्याने खाली जातो, जड डोकं जडत्वामुळे जागीच राहतं, आणि दांडा त्याच्यातून खाली सरकत जाड भागापर्यंत येतो. तिच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य बघण्यासारखं होतं. पहिले ठोके बद्द होते. मी पाचर घासून तयार ठेवत होते, लक्ष माझं पाचरीकडे होतं. मग एक ठोका वेगळा वाजला, भरीव, स्वच्छ.

"बसलं," ती म्हणाली. मी सांगायच्या आधी.